सवतीला पुल्लिंग नाही

कुमुद गेली त्याच्या आदल्या दुपारी मला तिच्याजवळ थोडा वेळ बसू दिलं. अतिदक्षता विभागात एका वेळी एकच माणूस सोडतात. नाकात नळी, हाताला सलाइन, आणि चष्मा काढून ठेवलेला, त्यामुळे चेहरा ओळखीचा असूनही परका वाटत होता. मी स्टूल ओढून बसलो. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, त्याला घरात घ्या. किती वेळचा बाहेर उभा आहे." सिस्टरना वाटलं, कुणी नातेवाईक ताटकळलाय. त्या बिचाऱ्या पॅसेजमध्ये जाऊन डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "आजी, बाहेर कुणी नाहीये." मला मात्र बरोबर कळलं कोण उभा आहे ते. तो बर्फात उभा होता, अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यात, एका लाकडी घराच्या बंद दारासमोर. कुमुद भाषांतर करत होती त्या कादंबरीचा नायक. त्याला दाराशी आणून तिने पेन खाली ठेवलं, त्याच संध्याकाळी तिला दम लागला आणि आम्ही रिक्षा करून इस्पितळात आलो. "घेतो," मी म्हटलं. "नक्की?" "नक्की." तिने डोळे मिटले... पुढे ती माझ्याशी काही बोलली नाही. चाळीसहून जास्त वर्षांचा संसार, आणि शेवटचं बोलणं त्याच्याबद्दल. लोक म्हणतात अशा वेळी माणूस सुन्न होतो. मला राग आला होता.

या पुरवणीच्या वाचकांना कुमुद ठाऊक आहे ती त्या अमेरिकन कादंबरीकाराची मराठी अनुवादक म्हणून. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. वाचनालयात जाणाऱ्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचं आजवर काही अडलेलं नाही. आमच्या घरात त्याला पुष्कळ मान मिळाला, हा एवढा लेख त्याच्या नावाशिवाय होऊ दे. तो गेल्या शतकाच्या सुरुवातीचा. शेतीच्या बियाण्यांचा फिरता विक्रेता होता. आगगाडीने गावोगाव हिंडायचा आणि स्टेशनांवर गाडीची वाट बघत बाकावर बसून गोष्टी लिहायचा. चाळिशीत पहिली कादंबरी आली ती म्हणे बियाण्यांच्या कॅटलॉगबरोबर टपालाने घरोघर गेली, आणि मग काय, मका पेरणाऱ्या प्रत्येक घरात हा. तिकडच्या समीक्षकांनी त्याला स्वयंपाकघरातला लेखक म्हणून हिणवलं. त्याने पैसा केला, सफरचंदांची बाग घेतली, दोन लग्नं केली, आणि म्हातारपणी लोक त्याला विसरले. हे सगळं मला कसं माहीत, तर जेवताना ऐकून. त्याला कॉफीत साखर किती लागे, पहिली बायको का सोडून गेली आणि त्यात त्याची कशी काही चूक नव्हती, हेही मला सांगितलेलं आहे. माझा रक्तगट तिला दर वेळी विचारावा लागे.

आणि हा गृहस्थ घरात आणला कुणी, तर मीच. नव्वद सालाच्या आगेमागे कधीतरी आम्ही दोघं डेक्कनवर गेलो होतो. फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग होता. कुमुदने त्यातून एक बिनमुखपृष्ठाचं पुस्तक उचललं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली. बस यायची वेळ झाली तरी बाई हलेनात. मी पुस्तकवाल्याशी घासाघीस केली आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. ती शाळेत मराठी शिकवायची. तिचं इंग्रजी काही फार चालणारं नव्हतं, पण पुढचे दोन महिने ती शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक वाचत होती. मग म्हणाली, "हे मी मराठीत आणते." मी म्हटलं, आण. मला वाटलं होतं, चार पानं करेल आणि विणकामासारखं कपाटात पडेल. पहिली कादंबरी छापून आली, वाचनालयांमध्ये नंबर लागले, आणि मग एकामागून एक... रेवती, आमची मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये लागून तिकडे गेली तेव्हा तिची आई रडली, पण विमानतळावर तिला दिलेल्या यादीत, तुला सांगते ते विसरू नकोस म्हणून, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत काय काय शोधायचं तेही होतं. पुढे रेवतीच्या प्रत्येक सुट्टीला तिच्या बॅगेतून तो येत राहिला. माझ्यासाठी शर्ट यायचा. मापाला मोठा.

तिची काम करण्याची पद्धत सांगायला हवी, कारण मला सगळ्यात जास्त त्रास तिचाच झाला. ती आधी लिहायची नाही, आधी बोलायची. इंग्रजी परिच्छेद वाचून पुस्तक पालथं घालायची आणि स्वयंपाकघरात कामं करत तो मराठीत बोलून बघायची. तोंडात बसलं तरच कागदावर. म्हणायची, जे वाक्य भाजी चिरताना म्हणता येत नाही ते माणसाचं नाही. तत्त्व उत्तम आहे. पण विचार करा, तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला आहात आणि आतून तुमच्या बायकोचा आवाज येतोय, "तुमची वाट बघून डोळे शिणले माझे." माझी? छे. मी तर घरातच होतो. मी बातम्यांचा आवाज मोठा करायचो, आणि ती आतून सांगायची, "जरा कमी करा हो, प्रेमाचा प्रसंग चाललाय."

एकदा तर मी फसलोच. आमच्या कंपनीने तेव्हा गाशा गुंडाळला होता. यंत्रांचे सुटे भाग करायचो आम्ही. खुलीकरणानंतर बाहेरचा माल आला, तो स्वस्तही होता आणि खरं सांगायचं तर चांगलाही होता. हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद देऊन घरी बसवलं तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडे होतो. दिवसभर बाल्कनीत बसून रस्त्यावरची वाहनं बघायची, कुणाशी बोलायचं नाही, असे माझे दिवस चालले होते. त्यातल्या एका सकाळी ती ओट्यापाशी उभी होती, पाठ माझ्याकडे, आणि म्हणाली, "तुम्ही मला सोडून जाणार नाही ना?" मी म्हटलं, "मंडईत जाऊन येतो फक्त." ती वळली आणि इतकी हसली की तिला ओट्याला धरावं लागलं. "तुम्हाला नाही हो म्हणाले," ती म्हणाली. तुम्हाला नाही... मी पिशवी घेतली आणि खरंच मंडईत गेलो. भेंडी आणली.

त्याच सुमारास मी तिला विचारलं होतं, सवतीला मराठीत पुल्लिंग काय? मराठीची बाई ना तू, सांग. नवऱ्याची दुसरी बायको ती सवत, मग बायकोच्या आयुष्यात दुसरा पुरुष आला तर त्याला पहिल्याने काय म्हणायचं? तिने थोडा विचार केला, खरोखरच केला, आणि म्हणाली, "नाहीये. गरज पडली नसेल." मी म्हटलं, आता पडली आहे. तर म्हणते, "मग तुम्ही तयार करा, वेळ आहे तुमच्याकडे." नोकरी गेलेल्या माणसाला असं बोलायला छाती लागते. ती कुमुदकडे होती. बाकी कुणी माझ्याशी त्या वर्षी थट्टा करत नव्हतं, सगळे आवाज खाली करून बोलायचे.

शेजारच्या दामलेकाकूंचा किस्सा आमच्या सोसायटीत अजून सांगतात. काकू महिनाभर मुलीकडे नागपूरला जाऊन नुकत्याच परतल्या होत्या. त्यांचा फोन बंद पडला होता म्हणून आमच्याकडे फोन करायला आल्या, तर दार उघडं आणि कुमुद प्रकाशकांशी बोलतेय, "उद्या ह्यांचं तेरावं एकदाचं उरकलं की मी मोकळी." प्रकरण तेरावं होतं. काकू पाऊल न वाजवता मागे फिरल्या. मी तेव्हा एका मित्राच्या कारखान्यात भोसरीला जायला लागलो होतो, त्यामुळे दिवसा कुणाला दिसत नसे. संध्याकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. समोर दामलेकाकू, डोळे सुजलेले, हातात पिठलं-भाताचं पातेलं. माझ्याकडे बघून त्यांच्या तोंडून जेमतेम निघालं, "तुम्ही... आहात?" मी म्हटलं, "अजून तरी." आतून कुमुद आली, तिला उलगडा झाला, आणि दोघी दारातच बसून हसल्या. पिठलं चांगलं होतं. पण हसणं थांबल्यावर माझ्या मनात आलं, जी बाई माझं नाव कधी घेत नाही, मला जन्मभर 'हे' म्हणते, तिचं 'हे' आता दोघांत वाटलं गेलंय. काकूंचा काय दोष?

त्याच्या वाढदिवसाला घरात शिरा व्हायचा. माझ्या वाढदिवसालाही व्हायचा, नाही म्हणत नाही, पण माझ्या वेळी मला आठवण करून द्यावी लागे. पहिल्या वर्षी मी तत्त्व म्हणून खाल्ला नाही. पुढच्या वर्षी तत्त्व सोडलं, बेदाणे जास्त होते.

रेवतीकडे आम्ही एकदाच गेलो, नातवाच्या वेळी. बाळाचं सगळं मार्गी लागल्यावर कुमुदने हळूच विषय काढला आणि जावई दिवसभर गाडी चालवून आम्हाला त्याच्या गावी घेऊन गेला. त्याचं घर तिथल्या लोकांनी जपून ठेवलंय. किल्ली एका म्हातारबाईंकडे असते, आधी फोन करून ठेवला तर त्या येऊन उघडतात. आमच्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. टेबल, दिवा, खुंटीला त्याची हॅट. कुमुदने त्या बाईंना आपल्या मोडक्या इंग्रजीत त्याच्या कादंबऱ्यांबद्दल सांगायला सुरुवात केली आणि त्या ऐकतच राहिल्या, कारण त्यांनी स्वतः एकही वाचलेली नव्हती. मग त्यांनी मला विचारलं, तुम्हीही त्याचे वाचक का? मी म्हटलं, "मी हिच्याबरोबर आलोय." तेवढ्यात कुमुदने इकडेतिकडे बघून त्या हॅटवरून हात फिरवला. एकदाच, कडेकडेने. मी बघितलं हे तिला कळलं नाही. परतीच्या वाटेवर ती गाडीत झोपली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि मी सगळा रस्ता त्या हॅटचा विचार करत जागा होतो. मी डोक्याला कधी काही घातलं नाही.

हे सगळं मी गमतीत सांगतोय असं वाटेल. मी गमतीत सांगत नाहीये. मी जळत होतो. जिवंत माणूस असता तर त्याला घरी चहाला बोलावून दोन कुजके शब्द ऐकवले असते, त्याचं टक्कल, त्याचं पोट बघून समाधान करून घेतलं असतं. हा मेलेला, चांगलं लिहिणारा, परदेशी. त्याच्याशी कुठल्या तोंडाने भांडायचं? मी एकच करू शकत होतो, ते केलं. मी त्याची एक ओळ वाचली नाही, इंग्रजीत नाही आणि मराठीत नाही. कुमुदने कधी आग्रह केला नाही. पुस्तक छापून आलं की पहिली प्रत माझ्या उशाशी ठेवायची, आणि काही दिवसांनी न बोलता उचलून कपाटात लावायची.

ती गेल्यावर शोकसभा झाली. तिला ओळखणारे बरेच लोक आले होते. अध्यक्षांनी भाषणाचा निम्मा वेळ त्याच्यावर घालवला, त्याची साधी माणसं, त्याची ऊब, त्याचा जिव्हाळा. कुमुदने हा जिव्हाळा मराठीत 'पोचवला' म्हणाले. टपाल पोचवावं तसं. नंतर प्रकाशकांचा फोन आला. अर्धवट राहिलेल्या कादंबरीची थोडीच पानं उरली आहेत, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का, म्हणून. मी म्हटलं, नको, मी शब्द दिलाय. त्यांनी विचारलं, "तुम्ही करणार?" "मला इंग्रजी येतं," मी म्हटलं. "यंत्रांची सगळी मॅन्युअलं इंग्रजीतच होती."

म्हणून मग मी त्याला वाचायला घेतलं. दुपारी, जेवणाच्या टेबलावर, डावीकडे त्याचं पुस्तक आणि उजवीकडे कुमुदचे कागद. मला बघायचं होतं की या माणसात आहे तरी काय. पहिली पाच-दहा पानं वाचली आणि वाटलं, मला कळत नसेल. मग आणखी वाचली. मग कपाटातली जुनी पुस्तकं काढली, त्यांचे इंग्रजी जोडीदार शोधले, आणि ओळीला ओळ लावून बघत बसलो. नोकरीत नकाशा आणि तयार झालेला भाग असाच ताडून बघायचो... त्या माणसात काही नव्हतं हो. थंडी पडली होती, असं तो लिहितो. कुमुदच्या कागदावर अंगणातल्या बादलीतलं पाणी सकाळी दगडाने फोडायला लागत होतं. तो आला हे तिला समजलं, असं तो लिहितो. कुमुदकडे ती बाई चुलीसमोर बसली आहे आणि वळून न बघता ओळखते, कारण दारातून येणारा उजेड कमी झाला. नायकाचं नायिकेवर फार प्रेम होतं, हे वाक्य त्याने निरनिराळ्या कादंबऱ्यांत जवळजवळ जसंच्या तसं लिहिलंय. बियाण्यांच्या पाकिटावर लिहावं तसं, पाणी भरपूर लागते. आणि कुमुदने दर वेळी त्याच्या जागी काहीतरी घडवलंय, कधी अर्धं पान, कधी एकच ओळ, पण दर वेळी वेगळं.

मग मी ते शोधलं. ती मंडईची सकाळ ज्या कादंबरीच्या वेळची, ती कादंबरी काढली. मराठीत सापडलं, "तुम्ही मला सोडून जाणार नाही ना?" त्याच्या पुस्तकात तो प्रसंग पुन्हा पुन्हा वाचला. तिथे ती बाई काही बोलतच नाही. नायक खिडकीत बसलेला असतो, ती त्याला कॉफी देते आणि प्रकरण संपतं. तेव्हा ते वाक्य कुठून आलं? कुणाला म्हटलं होतं? तिने तर सांगितलं होतं, तुम्हाला नाही म्हणून. रेवतीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, अहो, तुम्हालाच असणार." असेलही. पण रेवती मला बरं वाटावं म्हणून बोलते, तिची आई तशी बोलत नसे. विचारायला हवं होतं, आणि आता जिने उत्तर द्यायचं ती नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो तिला काहीतरी देतोय जे माझ्याकडे नाही. तसं असतं तर मी एकवेळ मान्य केलं असतं, माझ्याकडे ते नव्हतंच. पण देत होती ती. ओट्यापाशी उभी राहून रोज सकाळी ती त्याला देत होती, आणि तो त्यावर नाव लावून मोठा होत होता. हे कळल्यावर माझी जळजळ कमी व्हायला हवी होती. ती दुप्पट झाली.

उरलेली पानं मी पूर्ण केली. बंद दाराच्या वाक्यापाशी मात्र काही दिवस अडलो. त्याचं वाक्य साधं आहे, तिने दार उघडलं आणि तो आत आला. कुमुद असती तर त्या बाईचा हात कडीवर थांबला असता, ती काहीतरी बोलली असती, आतली ऊब बाहेर गेली असती, देव जाणे काय काय झालं असतं. मी जे होतं ते लिहिलं. तिने दार उघडलं. तो आत आला. मी शब्द दिला होता, तो पाळला. प्रकाशकांनी वाचलं आणि अवघडून म्हणाले, "चांगलं झालंय. फक्त इथे... बाईंनी काहीतरी घातलं असतं." मी म्हटलं, "घातलं असतं. मी घालणार नाही."

पुस्तक आता छपाईला गेलंय. वाचकांचे फोन येतील, तिच्या नावाने येतात ते अजून मीच घेतो. शेवट कोरडा का, म्हणून विचारतील. मी त्यांना सांगणार आहे की शेवट त्याचा आहे, हुबेहूब. त्याच्या आधीचं सगळं तिचं होतं, आणि ते सगळं मला हवं होतं.